एका रात्रीच्या उसनवारीचा दर

मध्यवर्ती बँकेचे पतधोरण जाहीर होते त्या दिवशी वृत्तवाहिन्यांवर जी लगबग चालते ती पाहून कोणाचाही असा समज व्हावा की देशातल्या सगळ्या व्याजदरांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात ओवलेल्या आहेत आणि तो जुडगा तिच्या पतधोरण समितीच्या टेबलावर पडलेला आहे. माझाही कित्येक वर्षे तसाच समज होता. कर्जाचा हप्ता वाढला की मी त्या समितीला मनातल्या मनात बोल लावत असे, आणि ठेवीवरचे व्याज तितक्याच तत्परतेने का वाढत नाही याचा दोषही तिच्याच खात्यावर टाकत असे. या विषयाचे वाचन वाढत गेले तेव्हा लक्षात आले की मध्यवर्ती बँक माझ्या कर्जाचा दर ठरवत नाही, ठेवीचा ठरवत नाही आणि कारखानदाराला मिळणाऱ्या दहा वर्षांच्या कर्जाचाही ठरवत नाही. तिच्या हातात खात्रीने असतो तो एकच दर: बँकांनी एका रात्रीपुरते पैसे उसने घेतले तर त्यांवर किती व्याज पडावे, एवढाच. बाकीचे दर हे इतरांनी बांधलेल्या अंदाजांतून तयार होतात. एवढ्याशा दरातून कोट्यवधी माणसांच्या नोकरीपर्यंत आणि बाजारभावापर्यंत पोहोचणारी साखळी कशी तयार होते आणि ती कुठे तुटते, हे मला इथे मांडायचे आहे.

सुरुवात त्या रात्रीपासूनच करू. आपले जसे बँकेत खाते असते तसे प्रत्येक व्यापारी बँकेचे मध्यवर्ती बँकेत असते. मी माझ्या बँकेतून दुसऱ्या एखाद्या बँकेतल्या खात्यात पैसे पाठवले की हिशेब अखेर चुकता होतो तो या वरच्या खात्यांमध्ये. माझ्या बँकेच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि समोरच्या बँकेच्या खात्यात जमा होते. दिवसभर असे असंख्य व्यवहार झाल्यावर संध्याकाळी काही बँकांकडे गरजेपेक्षा जास्त शिल्लक उरते आणि काहींना तूट पडते. तूट पडलेली बँक शिल्लक असलेल्या बँकेकडून एका रात्रीसाठी पैसे घेते आणि दुसऱ्या दिवशी व्याजासह परत करते. या वरच्या खात्यांमधला पैसा निर्माण करण्याचा अधिकार देशात एकाच संस्थेला असतो, आणि मक्तेदाराला आपल्या मालाची किंमत ठरवणे अवघड जात नाही. मध्यवर्ती बँक दोनच गोष्टी सांगते. जास्तीचा पैसा असेल तर माझ्याकडे ठेवा, मी इतके व्याज देईन. आणि तूट असेल तर सरकारी रोखे, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाचे कागद, तारण ठेवून माझ्याकडून न्या, मी इतके व्याज घेईन. पहिल्या दरापेक्षा कमी दराने कोणी दुसऱ्याला देणार नाही आणि दुसऱ्या दरापेक्षा जास्त दराने कोणी घेणार नाही, त्यामुळे बाजारातला दर या दोन भिंतींमधल्या बोळातच फिरत राहतो. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या किमतीला परत विकत घेण्याच्या करारावर रोखे विकून पैसे उचलायचे, या व्यवहाराला रेपो म्हणतात, आणि बातम्यांत ज्या रेपो दराचा उल्लेख येतो तो याच व्यवहाराचा.

शाळेत शिकवलेली एक गोष्ट इथे आडवी येते, तेव्हा तिचा निकाल लावून पुढे जावे. ती अशी की बँक लोकांकडून ठेवी गोळा करते, त्यातला काही भाग राखीव ठेवते आणि उरलेला कर्जाऊ देते. म्हणून मध्यवर्ती बँकेने राखीव प्रमाण वाढवले की कर्जे कमी होतात. प्रत्यक्षात बँक कर्ज मंजूर करते तेव्हा कोणाच्या ठेवीला हात लावत नाही. ती कर्जदाराच्या खात्यात तेवढी रक्कम जमा दाखवते, म्हणजे कर्ज आणि ठेव एकाच क्षणी जन्माला येतात. ब्रिटनची मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात हे अगदी स्पष्टपणे लिहिले. मग बँका मन मानेल तितकी कर्जे का वाटत नाहीत? कारण कर्जदार ते पैसे खर्च करतो, ते दुसऱ्या बँकेत जातात आणि संध्याकाळच्या हिशेबात कर्ज देणाऱ्या बँकेला तूट पडते. ती भरून काढण्याचा खर्च त्या रात्रीच्या दरावर अवलंबून असतो. कर्जांच्या प्रमाणात स्वतःचे भांडवल राखण्याची अट असते आणि कर्ज बुडण्याची भीती असते, ते वेगळेच. कॅनडामध्ये १९९० च्या दशकापासून राखीव प्रमाणाची सक्तीच नाही आणि अमेरिकेने मार्च २०२० मध्ये ते प्रमाण शून्यावर आणले, तरी दोन्हीकडे पतधोरण चालते, कारण ते पैशाच्या मापापेक्षा पैशाच्या किमतीतून चालते.

आता एका रात्रीकडून दहा वर्षांकडे जाऊ. चलन कोणतेही असो, एक कोटीच्या रकमेवर पाव टक्क्याने एका रात्रीत पडणारा फरक जेमतेम ६८-६९ भरतो. एवढ्या फरकावर कोणी कारखान्याचा बेत बदलणार नाही. पण दहा वर्षांच्या रोख्यात पैसे अडकवणाऱ्यासमोर दुसराही मार्ग मोकळा असतो: तेच पैसे दहा वर्षे रोज रात्री उसने देत राहणे. दोन्ही मार्गांतून मिळणारे उत्पन्न साधारण सारखे वाटेपर्यंत लोक एकातून दुसऱ्यात जात राहतात, म्हणून दहा वर्षांचा दर हा पुढच्या दहा वर्षांतल्या अपेक्षित रात्रींच्या दरांची सरासरी आणि पैसे अडकवण्याच्या जोखमीचा थोडा मोबदला असा तयार होतो. समितीने आज पाव टक्का वाढवला याचे महत्त्व आजच्या रात्रीपुरते नगण्य असते. त्या वाढीवरून पुढच्या साडेतीन हजारांहून जास्त रात्रींविषयी बाजार काय समजला, याला खरे महत्त्व असते. समितीने दर वाढवूनही दीर्घ मुदतीचे दर उतरल्याची उदाहरणे आहेत, आणि ती विक्षिप्त नाहीत. वाढ अपेक्षेपेक्षा लहान असली किंवा निवेदनातला सूर मवाळ असला की असेच घडते.

हे एकदा पटले की मध्यवर्ती बँकांच्या बोलण्याला एवढे वजन का, ते कळते. पूर्वी त्या बोलतच नसत. १९२० ते १९४४ अशी जवळपास पाव शतक बँक ऑफ इंग्लंडची गव्हर्नरकी करणारे माँटेग्यू नॉर्मन मौनासाठीच प्रसिद्ध होते. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची समिती तर फेब्रुवारी १९९४ पर्यंत आपला निर्णय बैठकीनंतर जाहीरसुद्धा करत नसे. रोख्यांच्या बाजारात तिचे लोक काय करत आहेत हे पाहून व्यापारी दर बदलला की नाही याचा तर्क करत. आज त्याच समितीच्या निवेदनातला एक शब्द गळला तरी जगभर त्याचा कीस काढला जातो. या शब्दसामर्थ्याचे माझ्या मते सर्वांत नितळ उदाहरण २६ जुलै २०१२ चे आहे. युरो कोसळेल या भीतीने स्पेन सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा दर ७ टक्क्यांच्या वर गेलेला असताना युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारियो द्रागी लंडनच्या एका परिषदेत म्हणाले की आमच्या अधिकारकक्षेत राहून युरो वाचवण्यासाठी जे जे लागेल ते आम्ही करू, आणि ते पुरेसे ठरेल यावर विश्वास ठेवा. सप्टेंबरमध्ये त्यासाठी रोखेखरेदीची योजना जाहीर झाली, दर घसरत गेले, आणि त्या योजनेखाली एक युरोही कधी खर्च करावा लागला नाही. पैसे न देता केवळ देण्याच्या तयारीने बाजार शांत झाला, याचे कारण नोटा छापण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याची तयारी ही पोकळ असू शकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.

दीर्घ मुदतीचे दर हलले की पुढची हालचाल अनेक वाटांनी होते. नव्या कर्जाचा हप्ता बदलतो, म्हणून घर किंवा वाहन घेण्याचा निर्णय पुढे ढकलला जातो किंवा अलीकडे ओढला जातो. भविष्यातल्या उत्पन्नाचे आजचे मोल व्याजदराने भागून काढले जात असल्यामुळे दर वाढला की समभाग, रोखे आणि जमिनी यांच्या किमती दबतात, आणि आपण गरीब झालो असे वाटू लागलेला माणूस हात आखडता घेतो. परकीय गुंतवणूकदाराला चढ्या व्याजाचे आकर्षण वाटून चलन वधारते, आयात स्वस्त होते आणि निर्यातदाराचे कंबरडे वाकते. कारखानदाराच्या बाबतीत मात्र पुस्तकांत जेवढा ठाम परिणाम सांगितला जातो तेवढा मला दिसत नाही. पाव टक्का स्वस्त झाला म्हणून कोणी कारखाना उभारत नाही, समोर गिऱ्हाईक दिसले तर उभारतो, आणि गिऱ्हाईक दिसण्या-न दिसण्यातून व्याजदर त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचतो.

ही वाट प्रत्येक देशात सारख्या रुंदीची नसते. अमेरिकेत घरासाठी तीस वर्षांचे स्थिर दराचे कर्ज घेण्याची प्रथा आहे, त्यामुळे दर वाढले तरी जुन्या कर्जदाराला त्याची झळ लागत नाही. उलट २०२२ नंतर ३ टक्क्यांच्या आसपास कर्ज घेऊन बसलेल्या लोकांनी ते सुटू नये म्हणून राहती घरे विकायलाच नकार दिला, आणि घरांची टंचाई निर्माण होऊन किमती अपेक्षेइतक्या खाली आल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात बहुसंख्य गृहकर्जे बदलत्या दराची असल्यामुळे समितीचा निर्णय काही आठवड्यांतच घराघरांत पोहोचतो. ब्रिटनमध्ये दर बहुधा दोन किंवा पाच वर्षांसाठी बांधलेला असतो आणि मुदत संपली की माणूस एकदम नव्या दरात येऊन आदळतो. ठेवींच्या बाबतीत माझा जुना प्रश्न होता त्याचेही उत्तर इथेच सापडते. बदलत्या दराचे कर्ज करारानेच बाहेरच्या दराला बांधलेले असते. बचत खात्यावरचा दर बँकेच्या मर्जीचा असतो, आणि अर्ध्या टक्क्यासाठी खाते हलवण्याचा आळस आपल्यापैकी बहुतेकांना असतो हे बँकेला पक्के माहीत असते. तेव्हा त्या बाबतीत समितीपेक्षा माझाच दोष अधिक होता.

अर्थव्यवस्थेला जाणवतो तो कागदावरचा दर नसून महागाई वजा जाता उरणारा दर. कर्ज १० टक्क्यांनी मिळत असेल आणि भाव वर्षाला १५ टक्क्यांनी चढत असतील, तर कर्ज काढून माल साठवणारा फायद्यात राहतो. म्हणून महागाई वाढत असताना दर जागच्या जागी ठेवणे ही प्रत्यक्षात कपातच असते. तुर्कीने याचा जिवंत प्रयोग करून दाखवला. व्याजदर हेच महागाईचे कारण आहे असा राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांचा आग्रह होता, आणि तो न जुमानणारे गव्हर्नर पद गमावत गेले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ या काळात धोरणदर १९ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आणला गेला, लिरा गडगडला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिकृत महागाई ८५ टक्क्यांच्या पुढे गेली. तरीही कपात चालूच राहिली आणि दर ८.५ टक्क्यांपर्यंत उतरला. २०२३ च्या निवडणुकीनंतर धोरण उलटे फिरले आणि मार्च २०२४ मध्ये तोच दर ५० टक्क्यांवर नेऊन ठेवावा लागला. आधी थोडे कडू औषध घेतले असते तर पुढची ही मात्रा घ्यावी लागली नसती, असे म्हणणे सोपे आहे. पण ते औषध वेळेवर देणाऱ्याची कशी गत होते, हे पाहायचे तर अमेरिकेत मागे जावे लागेल.

१९६५ च्या सुमारास अमेरिकेतली महागाई चढू लागली आणि पुढची पंधरा वर्षे प्रत्येक लाटेत ती आधीपेक्षा वर जात राहिली. फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे प्रमुख आर्थर बर्न्स यांच्यावर १९७२ च्या निवडणुकीआधी पतधोरण सैल ठेवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष निक्सन कसा दबाव आणत होते, ते व्हाइट हाउसच्या ध्वनिफितींमध्ये नोंदले गेले आहे. त्यानंतर तेलाच्या भाववाढीचे दोन धक्के आले, आणि दर वाढवायचे व बेरोजगारी दिसू लागली की घाईने उतरवायचे, असा क्रम पडून गेला. लोक हा क्रम शिकले, हेच खरे नुकसान होते. वेतनाचे करार करणारा कामगार, भाव ठरवणारा दुकानदार आणि रोखे घेणारा सावकार, सगळेच महागाई राहणारच हे गृहीत धरून वागू लागले, आणि सगळे तसे वागल्यामुळे ती राहिली. सप्टेंबर १९७९ च्या अखेरीस, पदावरून उतरलेल्या बर्न्स यांनी बेलग्रेडमध्ये एक व्याख्यान दिले. महागाई रोखण्याची ताकद मध्यवर्ती बँकेकडे तत्त्वतः होती, पण समाजाचे आणि राजकारणाचे वारे तिला ती वापरू देत नव्हते, असा त्याचा आशय होता. नवे प्रमुख पॉल व्होल्कर तेव्हा एका परिषदेसाठी बेलग्रेडमध्येच होते. ती संपण्याआधीच ते मायदेशी परतले आणि ६ ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी, त्यांनी पत्रकार परिषद बोलावून आतापासून आपण व्याजदराऐवजी पैशाच्या पुरवठ्यावर नियंत्रण ठेवू, दर जिथे जायचे तिथे जातील, असे जाहीर केले.

दर जिथे गेले ते कोणाच्या कल्पनेतही नव्हते. मार्च १९८० मध्ये महागाई जवळपास १५ टक्के होती. त्या वर्षी मंदीची चाहूल लागताच दर पुन्हा झपाट्याने खाली येऊ दिले गेले, आणि जुनाच क्रम चालू आहे असा लोकांनी अर्थ काढला. ही पहिली फेरी वाया गेली. दुसऱ्या फेरीत व्होल्कर मागे हटले नाहीत. १९८१ मध्ये रात्रीच्या उसनवारीचा दर २० टक्क्यांच्या आसपास पोहोचला, तीस वर्षांचे गृहकर्ज १८ टक्क्यांच्या वर गेले आणि १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्के झाली. घरे बांधणाऱ्यांनी बिनकामाच्या झालेल्या लाकडाचे तुकडे फेडरल रिझर्व्हच्या पत्त्यावर टपालाने पाठवले, मोटारींच्या विक्रेत्यांनी न विकल्या गेलेल्या गाड्यांच्या किल्ल्या शवपेटीत घालून पाठवल्या आणि शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयाला वेढा दिला. ज्या राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्होल्कर यांची नेमणूक केली होती ते १९८० ची निवडणूक हरले. डॉलरमध्ये कर्ज काढलेल्या देशांचा या सगळ्यात काहीच दोष नव्हता असे नाही, पण व्याजाचा बोजा त्यांच्यावरही कोसळला आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्ज फेडता येत नसल्याचे कळवल्यावर लॅटिन अमेरिकेचे एक दशक त्यात गेले. १९८३ मध्ये अमेरिकेतली महागाई ४ टक्क्यांच्या खाली होती. लोकांच्या मनातली अपेक्षा मोडण्याची ही किंमत होती, आणि ती मुख्यतः बांधकाम मजूर, कारखान्यातले कामगार आणि परक्या देशातले करदाते यांनी मोजली.

पुढच्या पिढीने यातून असा धडा घेतला की अपेक्षा मोडण्यापेक्षा ती बांधून ठेवणे स्वस्त पडते. न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायदा करून भावस्थैर्य हे मध्यवर्ती बँकेचे मुख्य काम ठरवले आणि १९९० मध्ये ० ते २ टक्के महागाईचे लक्ष्य लेखी करारात घातले. त्या आकड्यामागे सखोल संशोधन असेल अशी माझी समजूत होती. पण त्याचे मूळ १९८८ मध्ये अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत सहज केलेल्या विधानापर्यंत जाते. कॅनडा १९९१ मध्ये आणि ब्रिटन १९९२ मध्ये त्याच वाटेने गेले. फेडरल रिझर्व्हने २ टक्क्यांचे लक्ष्य औपचारिकपणे जाहीर केले ते थेट जानेवारी २०१२ मध्ये. भारतात रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीने ४ टक्के, आणि त्याच्या खालीवर २ टक्क्यांची मोकळीक, असे लक्ष्य कायद्याच्या चौकटीत आले. लक्ष्य २ असावे की ३, यावर अर्थशास्त्रज्ञ वाद घालतात. मला आकड्यापेक्षा तो चुकल्यावर काय करायचे ही तरतूद महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये महागाई लक्ष्यापासून एक टक्क्याहून जास्त भरकटली की गव्हर्नरला अर्थमंत्र्याला खुले पत्र लिहावे लागते, जे कोणीही वाचू शकतो. भारतात सलग तीन तिमाह्या मर्यादा ओलांडली गेली तर रिझर्व्ह बँकेला सरकारकडे अहवाल द्यावा लागतो. अशी वेळ २०२२ मध्ये पहिल्यांदा आली आणि तो अहवाल प्रसिद्ध करण्यात आला नाही. विश्वासावर चालणाऱ्या व्यवस्थेत खुलासा बंद पाकिटात राहावा, हे मला पटत नाही.

दर शून्याला टेकला की काय करायचे, हा प्रश्न या चौकटीत कोणी फारसा विचारला नव्हता. जपानला तो सर्वांत आधी पडला. १९९९ मध्ये तिथला दर शून्यावर आला, आणि मार्च २००१ पासून बँक ऑफ जपानने बँकांच्या खात्यांत गरजेपेक्षा कितीतरी जास्त पैसा ओतायला सुरुवात केली. २००८ च्या संकटानंतर फेडरल रिझर्व्ह, बँक ऑफ इंग्लंड आणि पुढे युरोपीय मध्यवर्ती बँक त्याच मार्गाने गेल्या. रात्रीचा दर आणखी खाली नेता येत नाही तर दीर्घ मुदतीचे रोखे थेट विकत घेऊन त्यांची किंमत चढवायची आणि त्यायोगे त्यांवर मिळणारा दर खाली ढकलायचा, असा तो विचार होता. फेडरल रिझर्व्हचा ताळेबंद संकटापूर्वी सुमारे ९०० अब्ज डॉलरचा होता, तो २०२२ मध्ये ९ लाख कोटी डॉलरच्या जवळ गेला. युरोप जून २०१४ मध्ये आणि जपान जानेवारी २०१६ मध्ये उणे दरापर्यंत उतरले, म्हणजे बँकांनी मध्यवर्ती बँकेत पैसे ठेवले तर त्यांच्याकडूनच शुल्क घेतले जाऊ लागले. एवढा पैसा ओतल्यावर महागाईचा भडका उडेल असे भाकीत करणारे अनेक होते आणि ते पुढची दहा वर्षे चुकत राहिले, कारण तो पैसा बँकांच्या वरच्या खात्यांतच पडून होता. वाढल्या त्या मालमत्तांच्या किमती, आणि म्हणून ज्यांच्याकडे आधीच मालमत्ता होती त्यांचा लाभ अधिक झाला. या टीकेला मध्यवर्ती बँकांचे उत्तर असते की काहीच केले नसते तर नोकऱ्या गेल्या असत्या आणि गरिबाचे जास्त नुकसान झाले असते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि त्यांचा मेळ घालणे पतधोरणाच्या आवाक्यात नाही.

आवाक्याबाहेरच्या आणखी एका गोष्टीचा उल्लेख ओघाने करतो. चलनाचा भाव बांधून ठेवायचा, भांडवलाला मोकळीक द्यायची आणि व्याजदरही स्वतःच्या गरजेप्रमाणे ठरवायचा, हे तिन्ही एकाच वेळी साधत नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये १६६८ पासून चालत आलेल्या स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने क्रोना वाचवण्यासाठी आपला एक दर ५०० टक्क्यांवर नेला. क्रोना नोव्हेंबरपर्यंत टिकला, पुढे सोडून द्यावा लागला. रात्रीच्या दरावर कितीही हुकमत असली तरी पाचशे टक्के कायम चालू ठेवता येणार नाही हे सट्टेबाजाला दिसत होते, आणि ज्या अंदाजांच्या जोरावर हा दर एरवी दूरवर पोहोचतो तेच अंदाज इथे त्याच्या विरोधात गेले.

शिवाय उशीर आहेच. पतधोरणाचा परिणाम दीर्घ आणि अनिश्चित काळाने जाणवतो, असे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन सांगत असत. साधारण एक ते दोन वर्षे धरण्याची पद्धत आहे. त्यामुळे समिती आजच्या महागाईवर निर्णय घेत नाही, दीड वर्षानंतरच्या महागाईच्या भाकितावर घेते, आणि ते भाकीत चुकते. २०२१ मध्ये ते जवळजवळ सगळ्यांचेच चुकले. महामारीनंतरची भाववाढ तात्पुरती आहे, असे फेडरल रिझर्व्ह त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरपर्यंत म्हणत होते. मार्च २०२२ मध्ये दरवाढ सुरू झाली तेव्हा युक्रेनमध्ये युद्ध पेटलेले होते, जूनमध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्क्यांवर आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधली ११.१ टक्क्यांवर गेली. व्याज वाढवून जहाजे लवकर पोहोचत नाहीत आणि वायूचे साठे वाढत नाहीत, हा आक्षेप योग्यच होता. दरवाढीचा उद्देश एवढाच असू शकत होता की पहिल्या धक्क्याने वेतन आणि भाव एकमेकांच्या पाठीमागे धावू लागू नयेत. जुलै २०२३ पर्यंत फेडरल रिझर्व्हचा दर शून्यालगतच्या पातळीवरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला. त्या वेगात अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये बुडाली. कमी व्याजाच्या काळात घेतलेल्या तिच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे मोल उतरले होते, ते उघड होताच ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याची मागणी केली, आणि इतर बँकांवर तशी वेळ येऊ नये म्हणून मध्यवर्ती बँकेने उतरलेल्या बाजारभावाऐवजी छापील दर्शनी किमतीवर रोखे तारण घेऊन कर्ज देण्याची सोय काढली. एका हाताने पैसा महाग करायचा आणि त्यामुळे कोसळणाऱ्याला दुसऱ्या हाताने सावरायचे, ही कसरत व्होल्कर यांच्या काळीही टळली नव्हती.

त्यानंतर जे झाले त्याने मला सर्वांत जास्त विचारात पाडले. जून २०२३ मध्ये अमेरिकेतली महागाई ३ टक्क्यांवर आली आणि त्या सगळ्या काळात बेरोजगारी ४ टक्क्यांच्या खालीच राहिली; १९८२ ची पुनरावृत्ती होईल असे सांगणारे नामांकित अर्थशास्त्रज्ञ चुकले. पुरवठ्याच्या अडचणी आपोआप सुटल्या म्हणून हे झाले, की दरवाढीमुळे, यावर वाद चालू आहे आणि दोन्हींचा वाटा असणार हे उघड आहे. मला लक्षणीय वाटते ती तिसरी गोष्ट. महागाई ९ टक्क्यांवर असतानाही पुढच्या पाच-दहा वर्षांविषयी लोकांच्या आणि बाजाराच्या अपेक्षा दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच राहिल्या होत्या. मध्यवर्ती बँक उशिरा जागी झाली, तिचे भाकीत जाहीरपणे फसले, तरीही ती अखेरीस महागाई खाली आणेल हे गृहीत धरूनच लोकांनी करार केले, आणि म्हणून त्यांना कामावरून काढून ते पटवून द्यावे लागले नाही. हा विश्वास २०२२ मध्ये तयार झालेला नव्हता. त्याची किंमत चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी भरली होती, त्यांपैकी बहुतेक जण २०२३ पर्यंत निवृत्त झालेले होते.